विंडोज, लिनक्स आणि मामाचं दुकान

आपल्या होस्टेलवर दोन विषय असे आहेत की ज्यांच्यावर रात्री दोन वाजतासुद्धा भांडण पेटू शकतं. एक म्हणजे मेसची आमटी आणि दुसरा म्हणजे विंडोज चांगली की लिनक्स. पहिल्या विषयावर निदान सगळ्यांचं एकमत तरी होतं. दुसऱ्यावर आजपर्यंत झालेलं नाही.

मी सेकंड इयरपासून लिनक्सवाल्यांच्या पार्टीत. काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं पळवायची, ज्युनियर पोरं मागे उभी राहून बघायची, आपण उगीच गंभीर चेहरा करायचा, असं आमचं चाललेलं. "विंडोज वापरणं म्हणजे भाड्याच्या घरात राहणं" हे माझं आवडतं वाक्य. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत देगलूरला मामाच्या दुकानात पंधरा दिवस बसलो आणि त्या वाक्यातली हवा गेली. तिथं काय काय झालं तेच सांगतो. भांडण मिटणार नाही याची खात्री आहे, पण दारूगोळा तरी नवीन मिळेल.

मामाचं दुकान बसस्टँडपासून जवळ. पाटीवर 'झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाईन फॉर्म' असं लिहिलंय. त्याच्या खाली नीट बघितलं तर 'एसटीडी पीसीओ' ही जुनी अक्षरं रंगातून अजून डोकावतात. आत दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन, अंगठा घ्यायचं यंत्र, आणि मामाच्या हाताखाली काम करणारी एक ताई. देगलूर म्हणजे तीन राज्यांच्या शिवेवरचं गाव. गिऱ्हाईक इकडून मदनूरकडून येतं, तिकडून औरादकडून येतं. त्यामुळं दुकानात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा एकाच वेळी ऐकू येतात. मामा चारही बोलतो. कॉम्प्युटरला मात्र हे जमायला फार वर्षं लागली. त्याची गोष्ट पुढे येईलच.

मी पोचलो त्या दिवशी मामा वैतागलेला. "हे बघ बरं, हे काय लिहून यायलंय स्क्रीनवर? बंद पडतंय का काय आता?"

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला, मंगळवारी, संपला होता. मामाची दोन्ही मशीन विंडोज १० वर. ही सिस्टीम २०१५ साली आली, म्हणजे दहा वर्षं चालली. आता विंडोज ११ टाकावी म्हटलं तर ती मागते टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. मामाच्या मशीनमध्ये तिसऱ्या पिढीचा आय-थ्री आणि चार जीबी रॅम. तो प्रोसेसर २०१२ सालचा. म्हणजे मशीन ठणठणीत, पण नव्या सिस्टीमच्या दारात उभं राहायची परवानगी नाही. दोन नवीन कॉम्प्युटर घ्यायचे तर दिवाळीच्या तोंडावर साठ-सत्तर हजार कुठून आणायचे? मामानं मला विचारलं, "तू इंजिनेर व्हायलास ना? मग काय करावं सांग."

इथं थोडं थांबून ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय ते सांगतो. फर्स्ट इयरचे दोस्तही हे पान वाचत असतील. (कॉम्प्युटरवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) आपल्या मोंढ्यातली आडत डोळ्यासमोर आणा. सोयाबीनच्या गाड्या लागल्यात, काटा एकच, ओट्यावर जागा थोडी, मागं गोदाम. कुठली गाडी आधी, कुणाचं पोतं कुठं ठेवायचं, कुणाचं माप झालं, कुणाचे पैसे राहिले, हे सगळं बघतो तो मुनीम. शेतकरी थेट काट्याला हात लावत नाही आणि गोदामात घुसत नाही. जे काही असेल ते मुनिमाला सांगतो. कॉम्प्युटरमध्ये काटा म्हणजे प्रोसेसर, ओटा म्हणजे मेमरी, गोदाम म्हणजे हार्ड डिस्क, आणि आपण उघडलेले प्रोग्रॅम म्हणजे गाड्या. मुनीम म्हणजे कर्नल. समोरची गादी, पाटी, गिऱ्हाइकाला मिळणारं पाणी, हा झाला डेस्कटॉप. लिनक्स हे खरं तर फक्त मुनिमाचं नाव. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं तो १९९१ साली लिहिला आणि सगळ्यांना वाटला. तो एकच मुनीम ठेवून लोकांनी निरनिराळी दुकानं थाटली: उबुंटू, मिंट, आपल्या सी-डॅकनं २००७ मध्ये आणलेली बॉस, आणि तुमच्या-माझ्या खिशातला अँड्रॉइडसुद्धा.

आता पाठिंबा संपला म्हणजे काय? मशीन बंद पडत नाही. १५ ऑक्टोबरला मामानं नेहमीसारखी अगरबत्ती लावून चालू केलं आणि ते चालू झालं. फक्त यापुढे भिंतीला भोक पडलं तर लिंपायला कुणी येणार नाही. मे २०१७ मध्ये वॉन्नाक्राय नावाची साथ जगभर पसरली होती. फायलींना कुलूप लावायची आणि खंडणी मागायची. ज्या भोकातून ती शिरली ते बुजवणारं अपडेट त्याच वर्षी मार्चमध्ये आलेलं होतं. ज्यांनी ते लावलं नाही आणि जे जुन्या, पाठिंबा संपलेल्या सिस्टीमवर बसले होते, ते अडकले. मामाच्या डेस्कटॉपवर अर्ध्या तालुक्याची आधार कार्डं आणि पासबुकं पडलेली असतात. (ती रोज पुसायची असतात. पुसली जात नाहीत. हे मी मामाच्या तोंडावर सांगितलंय.) तेव्हा "चालतंय ना, चालू द्या" म्हणायला मन धजेना.

मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी एक पळवाट ठेवली होती. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळतील. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यावर ठेवायला होकार दिला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. मामाच्या एका मशीनवरची विंडोज अस्सल होती. तिच्यावर ते करून टाकलं. दुसरीवर जी होती ती 'गल्लीतली' होती. जास्त बोलत नाही, तुम्हाला समजलंच असेल. मी छाती पुढं काढून म्हटलं, "मामा, हे दुसरं माझ्याकडं द्या."

दीड-दोन हजारांची एसएसडी घातली, तिच्यावर लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती टाकली. ही २०२४ च्या जुलैमध्ये आली आणि २०२९ पर्यंत तिला अपडेट मिळणार. मशीन असं पळायला लागलं की मामा बघतच राहिला. पूर्वी बटण दाबून समोरच्या टपरीवर चहा सांगून यायची पद्धत होती, आता चहा सांगायच्या आत पासवर्ड मागायला लागलं. (खरं सांगायचं तर यातलं निम्म्याहून जास्त श्रेय एसएसडीचं होतं. विंडोज असलेल्या मशीनवरही ती बसवली असती तरी फरक पडलाच असता. पण त्या दिवशी मी हे कुणाला बोललो नाही.)

पहिला दिवस माझा. दुसऱ्या दिवसापासून मात्र माझी परीक्षा सुरू झाली.

मामा दुकानात टाइपरायटरच्या काळापासून बसलेला. त्याचा हात रेमिंग्टनवर. डोळे मिटून प्रतिज्ञापत्र टाइप करतो, पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. मिंटवर त्याची जुनी फाईल उघडली तर सगळा कचरा. इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस. त्याला वाटलं माझ्यामुळं फाईल मेली. झालं असं होतं की त्या फॉन्टमध्ये 'क' चं चित्र इंग्रजीतल्या एखाद्या अक्षराच्या जागी ठेवलेलं असतं. फॉन्ट नसला की उघडं पडतं ते खालचं इंग्रजी. फॉन्टची फाईल मिंटमध्ये टाकल्यावर अक्षरं दिसायला लागली, पण त्या फॉन्टमध्ये टाइप करून देणारं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच होतं. मिंटमध्ये मला रेमिंग्टनची जी मांडणी सापडली ती हिंदीची. काही कळा इकडच्या तिकडं. तीस वर्षं मुरलेल्या हाताला चार कळा बदल म्हणणं म्हणजे बैलाला उलट्या बाजूनं जू लावण्यासारखं. मामानं दोन ओळी टाइप केल्या, चष्मा काढला आणि खुर्ची सोडली.

ताईचं नेमकं उलट. ती इनस्क्रिप्टवर शिकलेली, म्हणजे सरकारी मानक मांडणी: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. ही मांडणी विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये सारखीच, मॅकमध्येही मिळते. तिला तर सिस्टीम बदललीय हे अर्ध्या तासानं लक्षात आलं, तेही फक्त खालच्या पट्टीचा रंग बदललाय म्हणून. 'दुसऱ्या' मधला तो मराठीचा खास अर्धा र तिनं शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य असा झटक्यात काढला. मला स्वतःला तो तोपर्यंत येत नव्हता, मी कुठून तरी कॉपी-पेस्ट करायचो. तिनं शिकवला. जाता जाता एक गंमत: हाच र साध्या र ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारं चिन्ह घालूनही काढता येतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं. म्हणून कधी कधी नाव डोळ्यासमोर असूनसुद्धा शोधल्यावर सापडत नाही.

ज्यांचा जन्म युनिकोडनंतरचा त्यांना हे सगळं फुकट मिळालंय. मामा सांगतो, एक्सपीच्या काळात (एक्सपी २००१ ची) कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' च्या चौकोनात टिक करावी लागायची. मग मशीन एक्सपीची सीडी मागायचं. सीडी नसली की मराठी नाही. आपण 'किती' लिहिताना आधी क देतो आणि मग वेलांटी. पण दिसताना वेलांटी क च्या अलीकडं यायला हवी. ही अदलाबदल करणारा एक कारागीर सिस्टीमच्या पोटात असतो. विंडोज २००० पासून तो देवनागरीसाठी आला. एक्सपीमध्ये तो मुद्दाम बोलवावा लागायचा आणि बोलावला नाही तर वेलांट्या भलतीकडं लटकायच्या. लिनक्सवर, मॅकवर आपापले कारागीर आहेत. आज कुठल्याही सिस्टीमवर मराठी, तेलुगू, कन्नड शेजारी शेजारी लिहिता येतं आणि त्याचं कुणाला कौतुकही वाटत नाही. आमच्या दुकानात मात्र वाटतं. औरादच्या एका आजोबांनी कन्नडमध्ये नाव टाइप झालेलं बघून स्क्रीनला हात लावून बघितला होता.

तिसऱ्या दिवशी फजिती झाली. बी.एस्सी. ची एक मुलगी प्रोजेक्टची फाईल पेनड्राईव्हवर घ्यायला आली. मी कॉपी केली, पट्टी पूर्ण भरली, तिनं पेनड्राईव्ह उपसला आणि नांदेडची बस पकडली. दुपारी फोन. फाईलचं नाव आहे, आत काही नाही. कॉलेजात जमा करायची त्याच दिवशी शेवटची वेळ.

चूक माझी होती. लिनक्स पेनड्राईव्हवर लिहिताना माल आधी मेमरीत ठेवतो आणि सवडीनं खाली उतरवतो. पट्टी भरली तरी उतरवणं चालूच असू शकतं. 'इजेक्ट' म्हणायचं, तो 'आता काढा' म्हणेपर्यंत थांबायचं, हा नियम. विंडोजमध्येही पूर्वी 'सेफली रिमूव्ह' करायला सांगायचे, पण कोण करायचं? शेवटी २०१८ च्या आवृत्तीपासून विंडोज १० नं लोकांच्या सवयीपुढं हात टेकले आणि पेनड्राईव्ह पटकन काढता येईल अशी व्यवस्थाच मूळ ठेवली. लिनक्सची पद्धत वेगाला चांगली आहे, हे मी होस्टेलवर कितीतरी वेळा सांगितलं असेल. त्या मुलीला मी ते सांगू शकलो नाही. फाईल आमच्याकडं होती म्हणून मेलनं पाठवली, तिनं तिथल्या एका दुकानातून प्रिंट काढली, वेळेत पोचली. पण मामानं त्या संध्याकाळी एवढंच विचारलं, "आपल्याकडं तासाला किती लोक पेनड्राईव्ह उपसतात, मोजलास का कधी?"

मोजलं नव्हतं.

बरं, पेनड्राईव्हच्या बाबतीत मिंटनं एक फायदाही दाखवला. आमच्याकडं येणाऱ्या पेनड्राईव्हमध्ये ती जुनी खोड असते ना, सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट. तो व्हायरस विंडोजसाठी लिहिलेला. मिंटवर तो नुसता पडून राहतो, निपचित. लपवलेले खरे फोल्डर त्याच्या शेजारी दिसतात. ताईनं चार दिवसांत असे सात-आठ पेनड्राईव्ह साफ करून दिले आणि त्याचे वेगळे दहा-दहा रुपये घेतले. ही कल्पना तिची.

आणि वीज. आमच्याकडं ती कधी जाईल सांगता येत नाही, आणि मामाचा यूपीएस म्हणजे नुसता शोभेचा. विंडोज ९८ च्या काळात लाईट गेली की पुढच्या वेळी निळी स्कॅनडिस्क चालायची, कधी फाईल जायची. आता तसं फारसं होत नाही. कारण आताचे मुनीम कच्ची वही ठेवतात. गोदामात काही हलवायच्या आधी 'हे इथून तिथं हलवतोय' असं कच्च्या वहीत लिहायचं, मग हलवायचं. मधेच दिवा गेला तर पुन्हा आल्यावर कच्ची वही बघून हिशोब जुळवायचा. याला जर्नलिंग म्हणतात. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये ते आहे, लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये आहे. मॅक हेच वेगळ्या युक्तीनं साधतो, जुनं पान न खोडता नवीन पानावर लिहितो. मात्र गोदाम शाबूत राहतं म्हणजे तुम्ही सेव्ह न केलेलं पत्रही राहतं असं नाही. ते गेलंच. या विषयात तिन्ही सिस्टीमना सारखेच मार्क.

आता खरी कसोटी. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात काय पाऊस झाला ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या नांदेड जिल्ह्यात उभं सोयाबीन पाण्यात गेलं. दिवाळीच्या आधी अनुदानासाठी लोकांची धावपळ चाललेली. ज्यांची ई-केवायसी राहिली होती त्यांना अंगठा द्यावा लागत होता. सकाळी शटर उघडायच्या आधी पाच-सहा जण पायरीवर बसलेले असायचे. आणि अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर? आमच्या यंत्रासाठी विंडोजचं मिळालं, अँड्रॉइडचं मिळालं. लिनक्सचं मिळालं नाही.

मी एक अख्खी रात्र त्याच्यावर घालवली. नाही झालं. सही करायच्या टोकनचं निम्मं जमलं आणि निम्मं नाही. सकाळी एक म्हातारे शेतकरी समोर बसले. अंगठ्याच्या रेषा कामानं झिजलेल्या, विंडोजच्या मशीनवरसुद्धा पाच वेळा घेतला तेव्हा एकदा लागला. मामा त्यांचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसतो, मग कोरडा करतो, मग हळूच दाबून धरतो. त्यांच्या मागं रांग, आणि मी शेजारच्या मशीनवर बसून 'ओपन सोर्स म्हणजे स्वातंत्र्य' वगैरे विचार करणारा. ते स्वातंत्र्य खोटं आहे असं मी आजही म्हणत नाही. पण त्या बाबांना त्या दिवशी ते उपयोगाचं नव्हतं, एवढं खरं. दोन्ही मशीन मिंट करायचा माझा जो बेत होता तो तिथंच बारगळला.

प्रिंटरचीही तीच गत. स्वस्त लेझर प्रिंटरला स्वतःचा मेंदू नसतो. पान कसं दिसणार ते सगळं कॉम्प्युटरनं मांडून, कंपनीच्या खाजगी सांकेतिक भाषेत प्रिंटरला कळवायचं. ती भाषा कंपनीनं विंडोजच्या ड्रायव्हरला शिकवलेली. लिनक्ससाठी कंपनीनं कधीकाळी काढलेला ड्रायव्हर जुनाट. लागला तर लागला. आमचा तीन पानं काढायचा आणि चौथ्याला रुसायचा. गंमत अशी की लिनक्सची प्रिंट करायची यंत्रणा मुळात कच्ची नाही. कप्स नावाची ती यंत्रणा १९९९ पासून आहे, पुढं ॲपलनं २००७ मध्ये तिचा लेखकच नोकरीला घेतला आणि मॅकही त्याच यंत्रणेवर प्रिंट काढतो. आता नवे प्रिंटर सर्वांना कळेल अशी सामाईक भाषा बोलतात, ड्रायव्हरच लागत नाही. पण मामाचा प्रिंटर बारा वर्षांचा आहे आणि अजून रोज शे-दोनशे पानं काढतो. तो बदलायचा कशासाठी? शेवटी मिंटवरून पीडीएफ करायचं, सामाईक फोल्डरमध्ये टाकायचं आणि विंडोजवरून प्रिंट द्यायची, असा रस्ता काढला.

मॅकबद्दल विचाराल तर देगलूरच्या दुकानात त्याचा विषय लवकर संपतो. होस्टेलवर एका दोस्ताकडं आहे. बॅटरी दिवसभर जाते, सगळं कसं जिथल्या तिथं असतं, आणि आतून तो युनिक्सच्याच घराण्यातला. पण अंगठ्याचं यंत्र लावायचा प्रश्न आला की तोही आमच्या मिंटच्या शेजारी येऊन बसतो. किमतीचा मुद्दा तर मी काढतच नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट मला बसून बसून दिसली. दुकानात येणाऱ्या माणसाच्या हातात आधीच एक कॉम्प्युटर असतो. फोन. कागदपत्रं व्हॉट्सॲपवर येतात, ओटीपी फोनवर येतो, मराठी टायपिंग येत नसलं तरी लोक बोलून लिहितात. (गूगलनं मराठीत बोलून लिहायची सोय २०१७ मध्ये आणली.) मग ही माणसं ऐंशी-एक किलोमीटरवर नांदेडला न जाता, पण घरी बसूनही न करता, मामाकडं कशाला येतात? फॉर्ममध्ये फोटो इतक्या केबीच्या आत हवा, सही तितक्या केबीच्या आत हवी, पीडीएफ एकच हवी, आणि पान मधेच कोरं झालं तर पैसे कटले की नाही हे सांगणारं कुणीतरी शेजारी हवं. मामाचा धंदा या शेवटच्या वाक्यावर चालतो.

याच ठिकाणी आपली होस्टेलवरची तुलना चुकते असं माझं मत झालंय. आपण बघतो की सिस्टीम किती वेगात उघडते, किती सुंदर दिसते, किती रॅम खाते. देगलूरला प्रश्न एकच असतो: अडलं तर कुणाला बोलवायचं? विंडोजचं अडलं तर गल्लीत चार पोरं आहेत. त्यातल्या दोघांना नीट येत नाही, पण हात घालायला भीत नाहीत. राज्यातल्या कितीतरी लोकांनी कॉम्प्युटरला पहिला हात एमएस-सीआयटीच्या वर्गात लावला आणि तिथं समोर विंडोजच होती. केरळमध्ये सरकारी शाळांनी २००० च्या दशकातच मुलांच्या हातात लिनक्स दिलं, शिक्षकांना तसं तयार केलं. तिथल्या एखाद्या मामाला कदाचित माझ्यासारख्या भाच्याची वाट बघावी लागत नसेल. मिंटचं अडलं तर आमच्या दुकानाला मी एकटा. आणि मी नांदेडला.

अपडेटचंही तसंच. एकदा, मागच्या वर्षी, शिष्यवृत्तीच्या शेवटच्या रात्री विंडोज अपडेट घेऊन आपोआप रीस्टार्ट झाली आणि भरत आणलेला फॉर्म गेला. कामाचे तास ठरवून द्यायची सोय सिस्टीममध्ये होती, ती आम्हीच कधी लावली नव्हती. मिंट असं काही करत नाही. कोपऱ्यात छोटी ढाल दाखवतो आणि गप्प बसतो. मामानं पंधरा दिवसांत त्या ढालीवर एकदाही क्लिक केलं नाही. एक जबरदस्तीनं औषध पाजते, दुसरा बाटली उशाशी ठेवून जातो. पेशंट मामासारखा असेल तर कुठलं बरं, हे तुम्हीच ठरवा. मी शेवटी अपडेट आपोआप व्हायचं बटण चालू करून आलो.

सुट्टी संपताना व्यवस्था अशी लागली: अस्सल विंडोजचं मशीन मामाच्या गल्ल्याजवळ. अंगठा, सही, प्रिंट आणि रेमिंग्टन त्याच्यावर. मिंटचं मशीन ताईकडं. फॉर्म भरणं, स्कॅन, फोटो लहान करणं, इनस्क्रिप्टचं टायपिंग आणि पेनड्राईव्हची धुलाई तिच्याकडं. कुणाचाही पेनड्राईव्ह आधी तिच्याच मशीनला लावायचा, मामाच्या नाही. स्क्रीनच्या वर ताईनं चिठ्ठी चिकटवलीय: 'सांगितल्याशिवाय पेनड्राईव्ह काढू नये.' खाली तेच तेलुगूत आणि कन्नडमध्ये. गिऱ्हाईक म्हणतं, "हिरव्यावर करा ताई, ते लवकर होतंय."

परवा रात्री साडेदहाला मामाचा फोन आला. मला वाटलं मिंट बसला. तर म्हणे, "काही नाही रे, कॅलेंडरवर १३ ऑक्टोबर २०२६ ला लाल गोल केलाव. त्याच्या आधी एकदा येऊन जा." मागून ताईचा आवाज आला, की येताना नव्या प्रिंटरचे भाव काढून या म्हणावं, तो सामाईक भाषा बोलणारा.